पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

६ एप्रिल
जुनी का असेना, चारचाकी आली. आमच्या वाशी गावाहून थेट तुळजापूरला नेऊन पूजा केली. पूजेआधी चारही व्हील कॅप काढून स्वतः धुतल्या, पूजा झाल्यावर स्वतःच बसवल्या. पूजेत बायकोची, उमाची, कवड्यांची माळ बॉनेटवर होती. गर्दीत हरवायला नको म्हणून मीच ती उचलून सुरक्षित जागी ठेवली. अशा बाबतीत मी फार काटेकोर आहे.
रात्री बहिणीला, गजराआक्काला, ईट गावी फोन. तिच्या सुरजच्या लग्नात नवरदेव मामाच्याच गाडीत बसणार. तिचा दीर रणधीर नवी जीप देतो म्हणत होता. पण आक्का मला व्हय म्हणाली. मामाचा मान आहे शेवटी.

७ एप्रिल
पुढून, डावीकडून आवाज. आधी खुळखुळ, मग खट्.
उमा म्हणाली, मेस्त्रीला दाखवा. गरज नाही. भजनी मंडळात इतकी वर्षं पखवाज वाजवतोय, कान तयार आहे.
माळ कुठंय, असंही तिनं विचारलं. सुरक्षित आहे म्हणालो. नेमकी जागा आठवली की सांगेन.

९ एप्रिल, सकाळ
निदान झालं. लिंक रॉड. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, अगदी हाच आवाज.

संध्याकाळ
लिंक रॉड नाही. शॉकअप. बॉनेट दाबून सोडलं, गाडी एकदा वर आली आणि थांबली. म्हणजे शॉकअप चांगले आहेत. तरी शॉकअपच.

१२ एप्रिल
मोठा शोध. हळू चालवली की आवाज, वेग वाढवला की एकदम बंद. म्हणजे बेरिंग. गरम झालं की जागेवर बसतं. उपाय सोपा आहे, हळू चालवायचीच नाही. ईटच्या रस्त्यावर प्रयोग केला. गतिरोधकावर उमाचं डोकं टपाला लागलं. उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, लग्नाच्या गोंधळाला माळ लागंल, तेवढी शोधा.
सिद्धाराम मेस्त्री भेटला. म्हणे बेरिंग असंल न्हायतर बॉल जॉइंट, चाक खोलून बघू. खोलून काय कुणीही सांगेल.
पण बॉल जॉइंट हा शब्द आवडला.

१५ एप्रिल
आक्काकडे पाहुण्यांत विषय निघाला (मीच काढला). बॉल जॉइंट तुटला तर चाक कसं आडवं पडतं, गाडी कशी तोंडावर जाते, ते ताट-वाटी घेऊन समजावलं. वरण सांडलं, पण सगळे गप्प होऊन ऐकत होते. माझं आजवर कुणी इतकं ऐकलेलं नाही. आक्काचा चेहरा उतरला होता. ऊन फार आहे.

१७ एप्रिल
आक्काचा फोन. बिभीषण, लेकराचा जीव हाय रं, तुझ्या गाडीत न्हाय बसवत. सुरज जीपमधी बसंल. तू मागनं बुंदी घेऊन ये.
वाईट वाटलं. जेवलो नाही. उमानं आग्रह केला नाही, म्हणून मग जेवलो.

२० एप्रिल
लग्न लागलं. त्याआधी नवरदेवाला मारुतीला नेताना पुढं हार घातलेली जीप, मध्ये हलगी, मागं मी, उमा आणि बुंदीची पातेली. वरातीचा वेग, त्यामुळे आवाज पूर्ण जोरात. हलगीवाले दोनदा ठेका चुकले आणि माझ्याकडे बघत राहिले.
देवळापाशी चाक ओट्याला घासलं. व्हील कॅप निघाली, गडगडत जीपपर्यंत गेली. आतून कवड्यांची माळ रस्त्यावर पडली.
उमा उतरली, माळ उचलली, पदरानं पुसून गळ्यात घातली. मग रणधीर म्हणाला, पाव्हणं, ह्योच का बॉल जॉइंट? सगळे हसले. सुरज तर मुंडावळ्या धरून हसला.
तरी नोंद असावी. आवाज पुढच्या डाव्या चाकातूनच येत होता, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

२२ एप्रिल
गोंधळ झाला. नवी जोडी दर्शनाला तुळजापूरला गेली, जीपमधून. आम्ही दोघं वाशीला परतलो. उमा पुढं बसली होती, माळ गळ्यात, एक हात माळेवर.
निम्म्या वाटेवर ती म्हणाली, उजवीकडनं कायतरी टिकटिक करतंय.
मी म्हणालो, मला तर काहीच ऐकू येत नाही.