दगडी अस्वल आणि प्रेशरची गोळी

बाबा,

मी कामावर निघाले. तुम्हाला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. आईच्या व्हिडिओ गेममधलं ते दगडी अस्वल काल तुम्हाला पुन्हा लोळवत होतं, ते मी दारातून बघितलं. अहो, दिसलं की लगेच धावून काय जाता? आधी नुसतं बघा. ते मान खाली घालतं तेव्हा झेप घेणार असतं. तेवढ्यात गोल बटण दाबून बाजूला व्हा, पाठीवर एकच घाव घाला आणि मागे सरका. दुसऱ्या घावाचा मोह नडतो तुम्हाला. आणि पळायची कसली लाज? आई तर सारखी पळायची.

आणि गेममधल्या औषधाच्या बाटल्या प्या! पिशवी भरलेली असताना दर वेळी हकनाक मरता. त्या आईने जमवल्यात, संपल्या की संपल्या, हे मला कळतं. ती गेल्यापासून तिचा साबण मीही तसाच ठेवलाय. पण बाटल्या तिने याच अस्वलासाठी साठवल्या होत्या ना?

तुमची प्रेशरची गोळी बशीत काढून ठेवली आहे. रोज आईच हातावर ठेवायची, म्हणून घेववत नाही, हेही कळतं. काल झाडाला पाणी घालताना कुंडीत पुरलेल्या सगळ्या गोळ्या सापडल्या. आधी गोळी, मग अस्वल.

गेममध्ये मेलेल्याला परत दारापाशी आणून उभं करतात, बाबा. आपल्या दारापाशी कुणी करत नाही. मी रोज बघते.

तुमची कटकट