हात खाली आणायला वेळ लागतो

मी, मालन परशुराम शिंगोटे, वय त्रेपन्न, धंदा गायन, राहणार विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, कल्याण पूर्व, हे मृत्युपत्र नौपाड्यात अॅडव्होकेट आसावरी फाटक यांच्या ऑफिसात बसून लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण म्हणजे काय ते मला नीट ठाऊक आहे. माझ्या बरगडीला पिस्तूल लावून एकदा माझ्याकडून गाणं म्हणवून घेतलेलं आहे. आज तसं कोणी शेजारी उभं नाही. पंखा चालू आहे आणि आसावरीताईंनी चहा मागवला आहे.

त्या म्हणाल्या, "मालनताई, मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहितात."

मी म्हटलं, "का द्यायचं ते लिहिलं नाही, तर उद्या पोरं कोर्टात जातील. कोर्ट मी बघितलंय."

त्यांनी आणखी कोरे कागद पुढे सरकवले, म्हणून हा मजकूर लांबला आहे.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझे पती परशुराम हयात नाहीत. मला एक मुलगा, ऋतुराज. याशिवाय माझी मैत्रीण कै. विनिता सावर्डेकर हिची मुलगी ऐश्वर्या हिला मी ती सात वर्षांची असल्यापासून वाढवलं आहे. दत्तकाचे कागद केले नाहीत. त्यामुळे तिचा हक्क केवळ या कागदावर उभा आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावं.

२. माझी पेटी, माईक, स्पीकर आणि कार्यक्रमाच्या साड्या ऐश्वर्याला द्याव्यात. त्यात एक हिरवी साडी कोरसची आहे, ती जुनी म्हणून बोहारणीला घालू नये. कोरसच्या आम्हा बायकांना एकसारख्या साड्या असत, म्हणजे लोकांनी कोणा एकीकडे बघू नये.

माझे वडील जुन्नरकडून येऊन मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात लागले. मालनने हाक मारली की भोंगा झाला समजून लोक डबे उचलतात, असं ते म्हणायचे. लग्नानंतर मी पोपट कानडे यांच्या ऑर्केस्ट्रात कोरसला उभी राहिले. पोपट मालकही आणि ढोलकीवालाही. पुढच्या माईकवर विनिता. ती चिपळूणकडची. नवरा सोडून गेलेला, लेक पदरात, आणि आवाज सुरीसारखा सरळ. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "अगं, माझ्याबरोबर श्वास घेऊ नकोस. दोघींनी एकदम घेतला की गाण्याला भोक पडतं. माझा झाला की तू घे." पुढे बरीच वर्षं मी तिच्यामागून श्वास घेत गायले आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

३. हे कलम मालमत्तेचं नाही, पण याच्याशिवाय पुढची कळणार नाहीत.

२००९ च्या मे महिन्यात डोंबिवलीपलीकडच्या एका गावात हळद होती. नवरदेवाचा चुलतभाऊ मयूर पिऊन स्टेजवर चढला, पिस्तूल काढलं आणि आभाळाकडे बार उडवायला लागला. त्याचं आडनाव मी माझ्या कागदावर लिहिणार नाही. कोर्टाच्या निकालात आहे. स्टेजपुढे बारकी पोरं नाचत होती. विनिताने गाणं थांबवलं आणि माईकवरून म्हणाली, "मयूरदादा, ते आत ठेवा. पोरं आहेत इथे. नाहीतर मी खाली बसते, तुम्हीच गा." लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली.

मयूर हसला नाही. वर असलेला हात त्याने खाली आणला, तिच्यासमोर धरला आणि चाप ओढला. पुढे त्याचा वकील म्हणाला की हाताला हिसका बसला, अपघात झाला. मी सांगितलं, साहेब, वर गेलेला हात असा सरळ खाली आणायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस ठरवतो.

गोळी तिच्या गळ्याखाली लागली. ती मागे, माझ्या अंगावर पडली. तिचं रक्त माझ्या तोंडात गेलं, कारण पुढच्या ओळीसाठी माझं तोंड उघडं होतं. बार आधीपासूनच चालू होते, त्यामुळे मागच्या लोकांना वाटलं, बाईला चक्कर आली. मयूरच्या माणसांनी तिला पाय धरून स्पीकरमागे ओढलं. त्याचा काका माझ्याजवळ आला, पिस्तूल बरगडीत खुपसलं आणि म्हणाला, "गाणं चालू ठेव. थांबलीस तर तिच्या शेजारी झोपवीन." पोपटने खाली पडलेला माईक उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला.

मी गायले. पुढच्या माईकवरचं माझं ते पहिलं गाणं. स्पीकरच्या कडेने विनिताचा पाय दिसत होता, पैंजणासकट. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो हलत होता, नंतर हलला नाही. मी गाणं पुरं केलं. माझ्या घरी त्या संध्याकाळी दोन पोरं होती, माझा ऋतुराज आणि तिची ऐश्वर्या. दोघांना मिळून एक तरी आई परत जायला हवी होती. गाणं संपल्यावर लोकांनी वन्स मोअर मागितला.

अशी मी सोलो झाले. "त्या हळदीत गायलेली बाई हवी," असं म्हणून लोक सुपारी द्यायला येऊ लागले. मी नाही म्हटलं नाही. घरात खाणारी तोंडं वाढली होती.

४. दाराआड एक वाकलेला माईकचा स्टँड उभा आहे, तोही ऐश्वर्याला. गाण्याच्या कामाचा तो राहिलेला नाही.

साक्षीच्या आधी, एका दुपारी, विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर मला दोघांनी गाठलं. एकाने केस धरून मान मागे ओढली, दुसऱ्याने गळ्यावर वस्तरा फिरवला आणि म्हणाला, "आता दे साक्ष, गाऊन दे." प्रॅक्टिसहून येताना हा स्टँड माझ्या हातात होता. वस्तरेवाल्याच्या गुडघ्यावर मी तो घातला. हाड ओल्या फळीसारखं वाजलं. तो पडला, मग त्याच्या तोंडावर घातला. दुसरा पळाला. रिक्षावाले बघत होते. कोणी मधे पडलं नाही, ना माझ्यासाठी, ना त्याच्यासाठी, त्यामुळे हात दमेपर्यंत मी थांबले नाही. त्याचा एक डोळा गेला. त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही आणि मरताना वाटेल असंही दिसत नाही.

गळ्याला टाके आणि पट्टी अशी मी कल्याणच्या कोर्टात उभी राहिले. आवाज फुटत नव्हता. न्यायाधीशांनी मला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी शांतता मला कुठल्याही श्रोत्यांनी दिली नाही. मयूरला सदोष मनुष्यवधाखाली दहा वर्षं झाली. काका सुटला.

५. माझे वरचे सूर त्या वस्तऱ्याबरोबर गेले. राहिला तो खालचा, घोगरा आवाज, आणि नवल म्हणजे नाव झालं ते त्याच आवाजाचं. मोबाइलवर लोक माझी जी गाणी ऐकतात ती सगळी नंतरची. ठाण्यात नाट्यगृहात माझा एकटीचा कार्यक्रम झाला तेव्हा कोरसमध्ये मी नव्या मुली घेतल्या आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाची साडी नेसवली. सुपारी घेताना माझी एक अट असे: मंडपात हत्यार दिसलं की गाणं बंद. त्यावरून दोनदा मार खाल्ला, एकदा दिला.

या गाण्यांचे हक्क आणि त्यांतून येईल ते उत्पन्न ऐश्वर्याचं. ऐश्वर्या गात नाही. ती लॅबमध्ये रक्त तपासते. "आईचा वारसा" वगैरे बोलून तिला कोणी स्टेजवर उभं करू नये. तिच्या आईचं काय झालं ते तिथेच झालं.

६. बँकेतली ठेव निम्मी ऐश्वर्याला, निम्मी ऋतुराजला. दागिने ऐश्वर्याला. ऋतुराजच्या बायकोसाठी, ती कधी आली तर, माझी एक बोरमाळ वेगळी काढून ठेवली आहे.

पोपट कानडे यांना मी काही ठेवत नाही. कोर्टात पोपट म्हणाला होता, "मी ढोलकीकडे बघत होतो, मला काही दिसलं नाही." त्याच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यानंतर मी त्याच्या ऑर्केस्ट्रातून निघाले आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. पण या कागदाला मला साक्षीदार हवा होता तेव्हा मी त्यालाच फोन केला.

तो म्हणाला, "मालन, मी कशाला? दुसरं कोणी बघ की."

"मयूरचं नाव आहे यात. आणि तुझं येईल, पत्त्यासकट."

तो म्हणाला, "पत्ता खरा लिहू?"

"खराच लिही."

तो आला आहे. बाहेरच्या बाकावर बसून आहे. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला आहे, पण गेलेला नाही.

७. आता घर. विठ्ठलवाडीचा फ्लॅट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकटीच्या नावावर आहे. वाद याच्यावरूनच होणार, म्हणून नीट लिहिते.

मयूर सुटून आला आणि बांधकामाच्या धंद्यात पडला. ऋतुराजने त्याच्याच ऑफिसात नोकरी धरली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, त्याने शिक्षा भोगलीय. मी जॉब करतो तिकडे, पाया नाही पडत त्याच्या. दुसरीकडे कोण देतंय?"

"ऐश्वर्याच्या तोंडाकडे बघून बोल हे."

त्याने बघितलं नाही.

२०२३ च्या दिवाळीत, पाडव्याला, तो मयूरला घरी घेऊन आला. मी चकल्या तळत होते. मयूर मिठाईचा बॉक्स घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "मावशी, झालं गेलं सोडून द्या. तुमचा पोरगा माझ्या भावासारखा आहे." मी चिमट्याने कढई धरली आणि तेल त्याच्यावर फेकलं. हात आडवा आला म्हणून तोंड वाचलं. हात आणि मान भाजली. कातडी बाहीला चिकटून आली. तो ओरडत होता आणि मला वाटलं, आता तरी याला कळेल की सगळ्यांसमोर किंचाळी दाबून गायला काय लागतं.

ऋतुराजने माझा हात धरून मला चौकटीवर आपटलं. मनगट मोडलं. मग मयूरला खांद्यावर घेऊन तो जिना उतरला. मला दवाखान्यात ऐश्वर्याने नेलं. मनगट नीट बसलं नाही, म्हणून खालची सही वाकडी येईल. ती माझीच समजावी.

त्या दिवसापासून ऋतुराज घरी आलेला नाही. मी ठरवलं होतं, त्याला कवडी द्यायची नाही. तसा कागदही मनात तयार होता. मग आज, इथे येताना रिक्षात, पोपटने मला एक गोष्ट सांगितली. भाजल्यानंतर मयूर माझ्यावर पोलिसात तक्रार करणार होता आणि माझ्याकडे माणसंही पाठवणार होता. ऋतुराज साइटवर त्यांच्या गाड्यांपुढे उभा राहिला. त्यांनी त्याला लोखंडी पाइपने फोडला. बरगड्या गेल्या, कानातून रक्त आलं. ऋतुराजने फोन केला तो पोपटला, दवाखान्यात पोपटनेच नेलं. "मला म्हणाला, आईला सांगू नका," पोपट म्हणाला. "तोंड बंद ठेवणं मला जमतं, म्हणून मलाच सांगितलं असेल." त्या मारानंतरच माझ्यावरची तक्रार आणि माणसं दोन्ही थांबली. आणि बरगड्या सांधल्यावर तो पुन्हा त्याच ऑफिसात जायला लागला.

यावर माझं म्हणणं आता लिहिते. माझ्या मुलाने माझं मनगट मोडलं हे मी माफ केलेलं नाही. मयूरकडे राबतो हेही नाही. पण त्याला मी बेदखल केलं, तर त्याला या जगात मयूरचंच दार उरेल. मयूरला विनिता मिळाली. माझे वरचे सूर मिळाले. माझा मुलगा मी त्याला कागदावर सही करून देणार नाही.

म्हणून: फ्लॅट दोघांच्या नावे, अर्धा-अर्धा. आतली खोली ऐश्वर्याची, बाहेरची ऋतुराजची. दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय विकू नये, गहाण टाकू नये.

ऐश्वर्याला मी इथूनच फोन करून विचारलं, कारण नाही म्हणण्याचा पहिला हक्क तिचा. ती लॅबमध्ये होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मार खाल्ला त्याने हे मला माहितीये. रक्त आमच्याकडेच आलेलं तपासायला. नाव बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकणार होतीस तेव्हा?" मग म्हणाली, "त्याची खोली मी झाडून ठेवीन. पण मयूरला आत घेतलं त्याने, तर तेल मी पण तापवू शकते. हे पण लिही."

लिहिलं आहे.

८. माझ्या अंत्ययात्रेला मयूरच्या घरचं कोणी येऊ नये. आलं तर माझ्या कोरसच्या मुलींनी त्यांना वाटेतच थांबवावं, कसं ते त्यांना ठाऊक आहे. गाणं लावू नये. अग्नी ऋतुराज आणि ऐश्वर्या यांनी एकच लाकूड दोघांच्या हातांनी धरून द्यावा. स्मशानात एकमेकांवर आवाज चढवू नये. भांडायचंच असेल तर घरी जाऊन भांडावं. घर त्यासाठीच ठेवलं आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. आसावरी फाटक यांनी करावी. वर लिहिलेलं मी स्वतः वाचलं, मग त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. पोपटला आत बोलावून त्याच्या आणि डॉक्टरांच्या देखत, दोघांकडे बघत, मी सही करत आहे. माझ्या देखत त्यांनी केली आहे.

लिहून ठेवणार :
मालन परशुराम शिंगोटे
(सही व डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार :
१. डॉ. शौनक मधुकर परचुरे, नौपाडा, ठाणे (पश्चिम)
२. पोपट विठोबा कानडे, खोली क्रमांक ११, पहिला मजला, मारुती मंदिरामागची चाळ, मोहने, कल्याण

स्थळ : ठाणे
दिनांक : १७ सप्टेंबर २०२५