खेचर क्रमांक ११४३ च्या कागदाची व्यवस्था

मंगळवार, दि. १२ ऑक्टोबर २००४, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. खोगिरात पेंढा भरायचे काम अर्धे ठेवून, हात धुऊन लिहायला बसलो आहे.

मी बास्सू बिन रह्हू, वय सव्वीस, शिक्षण सहावीपर्यंत, धंदा खेचरांची खोगिरे शिवणे, राहणार सफ्रू. परवा माझ्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "तासाभराचं काम, संध्याकाळी घरी जाशील." तरी लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही, उलट आई सारखी म्हणते आहे, "बाळा, पुरे कर, चहा गार झाला."

१. धर्माच्या नियमाने माझ्या मालमत्तेच्या दोन तृतीयांशाला मी हात लावू शकत नाही. ते आईचे व धाकटा भाऊ झैद याचे, ठरल्या हिश्श्याने. पुढचे सर्व उरलेल्या तृतीयांशातले.

२. मोठा दाभण हम्मूआजोबांना परत. हे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वय चौऱ्याऐंशी, जन्मभर हमाली केली. खोगीर कण्यावर टेकू द्यायचे नाही, हे त्यांनी मला शिकवले. कुठे शिकलात विचारले की म्हणत, "इटलीच्या डोंगरात, लढाईत."

३. या लढाईचा त्यांच्याजवळ कागद नाही. कागद नसेल तर आमच्याकडे बारा जणांची साक्ष चालते. आजोबांना एकही साक्षीदार मिळाला नाही. समोरचा खाटीक अल्लाल त्यांना 'कांद्यांचे सुभेदार' म्हणतो, कारण त्याचे वडील सांगत की महायुद्धाची ती दोन वर्षे आजोबा मेकनेसच्या बाजारात कांदे वाहत होते. फौज फ्रान्सची होती, म्हणून मी तिथल्या लष्करी दप्तरखान्याला तीन पत्रे लिहिली. तिन्ही वेळा उत्तर आले: या नावाचा शिपाई नाही. आजोबा म्हणायचे, "मला काय शोधतोस? खेचराला शोध." मला ती थट्टा वाटली. खोगिरे शिवणाऱ्याने ही चूक करायला नको होती. माझ्या वहीतही माप खेचराच्या नावावर असते, मालकाच्या नव्हे.

चौथ्या पत्रात मी त्यांच्या लढाईतल्या खेचराच्या खुरावर डागलेला आकडा लिहिला, जो आजोबांना पाठ आहे. काल उत्तर आले. शब्दकोश घेऊन दोनदा तपासले. अजून कोणाला सांगितलेले नाही.

४. मी मेलो तर ते पत्र शुक्रवारच्या नमाजानंतर अल्लालच्या दुकानासमोर मोठ्याने वाचावे.

५. त्याची एक प्रत चौकटीत घालून अल्लालला. ती त्याने तराजूच्या वर टांगावी.

इथवर लिहून साक्षीला अल्लालला बोलावले, कारण दुसरे दुकान उघडलेले नव्हते. मागोमाग आजोबाही चहाला आले. साक्षीदाराला मजकूर ऐकवायला हवा म्हणून वाचू लागलो. कलम ४ ला आजोबांनी काठी आपटली.

"म्हणजे तू मरायची वाट मी बघत बसू? या वयात? वाच आत्ताच."

वाचले. खेचर ११४३, करडे, डावा कान फाटलेला, चावते. हाकणारा हम्मू बिन अक्का. नदी ओलांडताना दोघेही जखमी. दोघेही पुन्हा कामावर.

आजोबांनी काठी बाजूला ठेवली.

"चावते, असं लिहिलंय?"

"हो, आजोबा."

"मग तेच ते." त्यांनी बाही वर केली आणि दंडावरचा जुना वण अल्लालच्या नाकासमोर धरला. "हे काय, कांदा चावला?"

अल्लाल म्हणाला, "मग माझा बाप खोटं बोलला?"

"तुझा बाप तेव्हा दहा वर्षांचा पोर. बाजारात कोणीही ओझं घेऊन दिसला की त्याला तो मीच वाटायचा."

अल्लाल उठून गेला. मला वाटले, रागावला. तो अर्धा किलो काळीज घेऊन आला, आईला म्हणाला, "काकू, शेगडी पेटवा," आणि दारातून गल्लीला हाका मारू लागला. पत्र आणखी चार वेळा वाचावे लागले. प्रत्येक वेळी 'चावते' आले की आजोबा बाही वर करत.

कलम ४ रद्द. कारण: काम झाले. बाकीची कलमे कायम.

साक्षीदार हवे होते दोन. सह्या व अंगठे झाले बारा. पहिली सही अल्लालची, शेरा त्याच्याच हातचा: "ऐकले, वण पाहिला, खरे आहे."

सही: बास्सू बिन रह्हू
स्थळ: सफ्रू, वेळ सव्वाबारा.

खर्च: चार पत्रांचे टपाल ९६ दिरहम, चौकट ४०. काळजाचे पैसे अल्लालने घेतले नाहीत.
येणे: नाही.
देणे: लहानपणी 'कांद्यांचे सुभेदार' म्हणून मीही हसलो होतो. आजोबा म्हणतात, सोडलं. तरी नोंद असावी.