सतरा कप आणि एक राहून गेलेलं बोलणं

कॉटन फोर्क, अलाबामा
१२ डिसेंबर १९८६

प्रिय ऑर्विलदादा,

तुला आणि लुर्लीनवहिनीला व्हर्डेलचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनीची साखर उतरली का? तिला साखरेत घोळलेले पेकानचे दाणे चालत नाहीत हे पुडकं पोस्टात टाकल्यावर आठवलं, पण तू ते न उघडताच परत पाठवलंस, म्हणजे तोही प्रश्न सुटला. मीच खाल्ले. मी मजेत आहे. (नाही. पण पत्रात असंच लिहायचं असतं.) सातवीच्या पुढं शाळेला मी सोसले नाही, तेव्हा लिहिण्यातल्या चुका काढत बसू नकोस. मोठी चूक कोणती ते मला माहीत आहे आणि तेवढ्याचसाठी हा कागद घेऊन बसले आहे, कारण ऑगस्टपासून तू माझा आवाज ऐकला की फोन ठेवतोस. कागद काही आपटता येत नाही.

माझ्या स्वयंपाकघरातली कपांची भिंत तू पाहिली आहेस. कॉलेजच्या फुटबॉलच्या पोरांना जेवू घालायला लागून मला एकोणीस वर्षं झाली, आणि प्रत्येक पोराचा नाव घातलेला पत्र्याचा कप त्या भिंतीवर आपल्या खिळ्याला असतो. मे महिन्यात कॉलेज सुटलं की जो कायमचा चालला तो कप घेऊन जातो, जो परत येणार तो तिथंच ठेवतो. माझ्या आधीच्या बाईपासून हे असंच आहे. गावाचा विश्वास पेपरवर नाही, प्रशिक्षक प्रुइटवर तर मुळीच नाही (तो माणूस प्रार्थनेतसुद्धा हातचं राखून बोलतो), गावाचा विश्वास माझ्या भिंतीवर. जून लागला की लोक मागच्या दारानं येतात, कुणी म्हणतो पातेलं द्यायला आलो, कुणी म्हणतो सहज, आणि डोळे मात्र भिंतीवर. यंदा पहिल्या फळीतल्या बावीसांपैकी सतरांचे कप जागेवर होते. त्यात चेंडू फेकणाऱ्या लँड्रीचाही. गेल्या वर्षी बारातले नऊ सामने जिंकलो ते त्या एका पोराच्या हातावर, आणि तुझा कोल्बी दोन वर्षं त्याच्या मागं, बाकावर, स्वच्छ कपड्यांत.

मग गावानं हिशेब मांडला. मर्लाच्या पार्लरमध्ये डोकी धुता धुता बाया म्हणायला लागल्या, गेल्या वर्षी नऊ, पोरं तीच, वर त्यांना एक वर्ष वय जास्त, म्हणजे यंदा बाराच्या बारा. वय वाढलं की माणूस सुधारतो हे यांनी कुठं बघितलं कुणास ठाऊक. त्या पार्लरमध्येच नजर फिरवली असती तरी पुरे होतं. पण खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलत होते. चर्चच्या अंगणात माशांची पंगत झाली तेव्हा सतराजणांना गवताच्या गाडीवर उभं करायचं ठरलं होतं आणि गाडीवर सोळाच चढले. लँड्री कुठाय म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "येईल. कप आहे ना." लोक परत मक्याच्या पावाकडे वळले.

त्याच्या आधी, जूनमध्येच, मी तुला फोन केला होता. कोल्बीला म्हणावं दुसरं कॉलेज बघ, इथं आणखी एक वर्ष बाकावर बसून पँट झिजवू नकोस. तू विचारलंस, "व्हर्डी, नक्की ना?" मी म्हटलं, "दादा, कप समोर दिसतोय, तुला काय शपथपत्र हवंय?" पोराचं मन नव्हतं. मला म्हणाला, "आत्या, थांबतो की. लँड्रीचं काही सांगता येत नाही." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. दोन वर्षं एकाच खोलीत राहिलेल्या पोराला काही माहीत असेल, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. मीच त्याची पेटी भरली, मीच त्याला बसमध्ये बसवलं, आणि तो गेला आयडाहोला, जिथं ओळखीचं कुणी नाही, सप्टेंबरात बर्फ पडतो आणि चेंडू फेकणाऱ्यांत त्याचा नंबर तिसरा.

आता जे कुणालाही सांगितलेलं नाही ते तुला सांगते. मे महिन्यात लँड्री माझ्याकडे आला होता. मी मासे तळायची मोठी कढई खरवडत होते, गुडघ्यांपर्यंत तेल. दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, "बोलायचं तर नंतर ये, आत्ता पायात घोटाळू नकोस." तो हलेना. मग म्हणाला, "माझा कप..." मी म्हटलं, "धुतलाय तुझा कप, पळ." तो भला पोरगा, पळाला. ऑगस्टात सराव सुरू झाला तरी आला नाही, तेव्हा प्रुइट गाडी काढून थेट समुद्रापर्यंत जाऊन आला. लँड्रीच्या बापाला अर्धांग झालेलं. पोर रबरी बूट घालून कोळंबीच्या नावेवर उभं. सप्टेंबरात मला त्याचं कार्ड आलं. लिहिलं होतं, मावशी, त्या दिवशी तुम्ही कामात होतात, सगळ्यात आधी तुम्हालाच सांगणार होतो, प्रशिक्षकांना सांगायची हिंमत होत नव्हती. एवढंच. रागाचा एक शब्द नाही. एखादी शिवी घातली असती तर मला जेवण तरी गेलं असतं.

हंगामाचं तू ऐकलंच असशील. बारातले दोन जिंकलो, त्यातला एक समोरच्यांच्या कृपेनं. जे सोळा आले ते तरी तेच होते का? मधल्या फळीतला बून, जो एका बैठकीत चौदा बिस्किटं खायचा, त्यानं उन्हाळ्यात लग्न केलं आणि बायकोनं त्याला सडपातळ केला. आता त्याला कुणीही ढकलून पुढं जातं. बाकीच्यांना गवताच्या गाडीवर इतक्या टाळ्या मिळाल्या की खेळायचं बाकी आहे हे विसरले. चेंडू फेकायला यंदाच आलेलं एक कोवळं पोर, डोळे मिटून फेकायचं. प्रत्येक सामन्याला वरच्या पायरीवर बसून मी एकच बघत होते, की ही जागा कोल्बीची होती. वाट मोकळी होती, आणि मीच त्याला हाताला धरून बाहेर काढलं. गाव मला काही बोलत नाही. फक्त मर्ला केस वाळवायच्या टोपाखाली बसवते आणि विसरते.

मी कोल्बीला परत पाठव असं म्हणत नाही. तो अधिकार मी घालवला. चुकलं, दादा. हे तोंडानं म्हणायला जमलं नसतं, मध्येच मी तुलाच काहीतरी सुनावलं असतं.

वहिनीला नमस्कार.

तुझी तोंडाळ बहीण,
व्हर्डेल

ता. क. परत न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त कळवते. प्रुइट म्हणतो, कोल्बी आला तर जागा त्याची, कागद दहा जानेवारीच्या आत हवेत. मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि तिसऱ्यांदा लिहून घेतलं.

ता. क. २. कोल्बीचा काल मला फोन आला होता. म्हणाला, "आत्या, मी काय करू, तू सांग." दादा, उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी फोनची दोरी दातांत धरली आणि म्हटलं, तुझ्या बापाला विचार. रविवारी जेवणानंतर तो तुला फोन करेल. एवढीच विनंती आहे की त्याला शेवटपर्यंत बोलू दे. तो वाक्य संपवायला वेळ घेतो. मग नाही म्हणायचं तर नाही म्हण.

ता. क. ३. यातलं मी गावात कुणाला बोललेले नाही. फक्त मर्लाला, आणि तेही "कदाचित" म्हणूनच. आज सकाळी पार्लरच्या काचेवर "पुढच्या वर्षी दहा" असं लिहिलेलं दिसलं. पुसायला सांगितलं तर म्हणाली, रविवारपर्यंत राहू दे.