पुस्तकातला आकडा

गुरुवार, ११ मार्च

आज गप्प बसलो. का?

पेशींच्या पडद्यातले स्निग्ध पदार्थ किती अंशांना वितळतात, त्याची यादी प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर चढते आहे. कांबळेबाई मोजतात, मी टाइप करतो. एका नमुन्यापुढे त्यांनी वहीत अडतीस लिहिले होते, पुस्तकात एक्केचाळीस. बाईच चुकल्या असं धरून, न विचारता, मी एक्केचाळीस टाकले. पलीकडच्या टेबलावरच्या जोशीबाईंची वही असती तर विचारलं असतं?

आज सरांनी छापील यादी बाईंपुढे धरली. “हे मोजलंत, की पुस्तकातून उतरवलंत?”

“मोजलंय, सर. अडतीस आलं होतं.”

मी शेजारीच होतो. सगळ्यांसमोर त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

बाईंनी दिवसभर खपून पुन्हा मोजलं. अडतीसच. सर नुसतं “बरं” म्हणून घरी गेले.

मी पुटपुटलो, “कॉम्प्युटरची गडबड असेल.”

“अहो, कॉम्प्युटर बिघडला तर काहीही छापेल. पुस्तक उघडून बघणार नाही.”

तेव्हा कुठे म्हणालो, “आकडा मीच बदलला.”

“मला काय सांगताय? सरांना सांगा.”

सर निघून गेले होते. आणि मला, लाज वाटते लिहायला, हायसं वाटलं.