निळा तळहात

मंगळवार, संध्याकाळ

कळमेश्वरच्या आरोग्य केंद्रात आज नवा, उष्णता टिपणारा छोटा कॅमेरा पहिल्यांदा खऱ्या पेशंटवर वापरला. सुनंदाताई, कारखान्याच्या मेसमध्ये पोळ्या करतात. तळहात तव्यावर पडला होता. मी नेहमीसारखा हात नळाखाली धरायला लावला आणि लगेच फोटो घेतला. अख्खा तळहात निळा, म्हणजे थंड! म्हणजे रक्त पोहोचत नाही, जखम खोल, नागपूरला ऑपरेशन. तसं सांगूनही टाकलं. “किती थंड पडलाय हात,” मी पुटपुटले.

त्या विव्हळता विव्हळता फणकारल्या, “तुम्हीच तं पाण्यात धरून ठेवला मॅडम, मंग थंडा नाही राहीन तं काय?”

खरंच की! पाणी हवंच, पण फोटोला थांबायला हवं होतं. आणि इतकं दुखतंय म्हणजे कातडी जिवंत, हे मीच इतरांना शिकवते ना?

चहा झाल्यावर पुन्हा फोटो. सगळीकडे नारिंगी, ऊबदार! रक्त वाहतंय! अंगठ्याखाली तेवढा निळा ठिपका. मला हवं तेच तर दिसत नाही ना? म्हणून फोटो नागपूरच्या सर्जनना पाठवला. ते म्हणाले, सध्या ड्रेसिंगच.

“ऑपरेशन बहुतेक टळलं,” मी सांगितलं. “पण काही दिवस पोळ्या मेसमधल्या दुसऱ्या बायकांच्या हातच्या खा.”

“त्याईच्या? त्यापेक्षा ऑपरेशनच करून टाका, मॅडम!”