आरशासमोर तयार झालेली वेबसाइट

आई,

तुझं पान सापडलं. पूर्ण नाही, पण सापडलं. बंद पडलेल्या वेबसाइटच्या जुन्या प्रती जपून ठेवणारं एक ठिकाण इंटरनेटवर आहे, तिथे मी आठवडाभर शोधत होते. उघडलं तेव्हा पडद्यावर नुसते कंस, टिंबं आणि उद्गारचिन्हं दिसली, कारण तू ज्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतंस तो आता कुठल्याच कॉम्प्युटरवर नसतो. पण ती भडक निळी पार्श्वभूमी आणि वरच्या बाजूला सरकत जाणारी ओळ तुझीच होती. ऐकू येणं कमी झाल्यावर समोरच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून कसं ओळखायचं, ते मराठीत सांगणारं पान. अशी माहिती मराठीत तेव्हा आपल्याला कुठेच मिळाली नव्हती. फोटोंच्या जागी मात्र आता रिकामे चौकोन आहेत.

हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या त्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आपल्याला घड्याळ लागत नसे. कारखान्याचा भोंगा झाला की बाबा कप खाली ठेवायचे, मी दप्तर उचलायचे आणि तू शाळेत जायला पर्स शोधायचीस. थंडीतली ती सकाळ मला अजून दिसते. भोंगा होतो, बाबा उठतात, मी उठते आणि तू मेथी निवडत तशीच बसून राहतेस. ‘‘आज भोंगा झाला नाही का हो?’’ तू विचारतेस. बाबा माझ्याकडे बघतात. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस सुकत चालली आहे, औषध नाही. ऐकण्याचं मशीन मिळालं, काडेपेटीहून थोडं मोठं, ब्लाउजला अडकवायचं. वर्गात त्यातून मुलांच्या आवाजापेक्षा पंख्याची घरघर जास्त ऐकू यायची. तू गणित शिकवायचीस. मुलं शंका विचारायची आणि तू भलतंच उत्तर द्यायचीस. मी तेव्हा नववीत, त्याच शाळेत होते.

मग प्रिन्सिपल साहेबांनी तुला बोलावलं. घरी येऊन तू त्या भेटीची नक्कल करून दाखवलीस, म्हणून मला सगळं माहीत आहे. तुला ऐकू येणार नाही म्हणून ते कागदावर लिहीत होते. ‘मैडम, आप लाइब्रेरी में बैठ जाइए, आराम रहेगा।’ तू म्हणालीस, ‘‘सर, आराम करने की उम्र अभी नहीं हुई। कंप्यूटर रूम की चाबी दे दीजिए।’’ त्या खोलीत कुणी कायमचा शिक्षक टिकत नव्हता, कॉम्प्युटरवर प्लास्टिकची कव्हरं घालून ठेवलेली असायची. त्यांनी लिहिलं, ‘आपको कंप्यूटर आता है?’ तू म्हणालीस, ‘‘नहीं आता। सीख लूँगी।’’ आणि किल्ली घेऊनच घरी आलीस.

बाबांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि फोनच्या तारेला मोडेम जोडला. जोडणी होताना तो किंचाळायचा तेव्हा मी कानांवर हात ठेवायचे आणि तू त्याच्यावर तळहात ठेवायचीस. थरथर थांबली की इंटरनेट लागलं, हे तू स्वतःच शोधून काढलंस. मग रविवारची सकाळ तुझी. एका परदेशी मास्तरांनी वेबपान कसं करायचं याचे धडे फुकट लिहून ठेवले होते, काळ्यावर पिवळी अक्षरं, डोळे दुखायचे. एकेक धडा फ्लॉपीवर उतरवून तू शाळेत न्यायचीस. कुठल्याही पानाच्या मागचा कोड बघता येतो हे कळलं त्या दिवशी तू मला ओढत आणलंस. ‘‘बघ, काही लपवलेलं नाही. नाहीतर आपल्या कॉलनीतल्या बायका! अनारशांची कृती सांगताना एक जिन्नस हटकून विसरतात.’’

शाळेतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते. त्यावरून निरोप पाठवता येतात हे तुला कळलं आणि तू फळ्यावर लिहिलंस, ‘बोलिए मत, टाइप कीजिए।’ त्या तासाला आमच्या वर्गात कधी नव्हे अशी शांतता होती, नुसती कीबोर्डची टकटक. पहिलाच प्रश्न आला, ‘मैडम, बाथरूम जाऊँ?’ तू इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी दिवसांनी मुलांनी तुला काही विचारलं होतं आणि तू त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतंस. नंतर गणिताच्या शंकाही तिथेच येऊ लागल्या. प्रिन्सिपल साहेब दारात उभे राहून बघून गेले. लायब्ररीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण घरात काय? घरात आम्ही टाइप थोडेच करणार होतो! जेवताना मी आणि बाबा बोलायचो आणि तू पोळ्या वाढत राहायचीस. मोठेपणी बहिरेपण आलेल्या लोकांचा ईमेलवर चालणारा एक गट तुला सापडला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं, ओठ वाचायला शिक, आणि आधी कुठली अक्षरं सारखी दिसतात ते पाठ कर. त्यांनी दिलेले शब्द इंग्रजी, आपल्या काय कामाचे? तू मला ड्रेसिंग टेबलासमोर बसवलंस. ‘‘आवाज न काढता बोल. बाप. आता माप. आता पाप.’’ मी बोलले. आरशात तीनदा तेच तोंड दिसलं. ‘‘म्हणजे आधीचं वाक्य लक्षात ठेवायचं आणि अंदाज करायचा,’’ तू म्हणालीस. ‘‘गणितच आहे की!’’

मला ओळखायला तू लवकर शिकलीस. अडायचं ते बाबांपाशी, कारण त्यांचा वरचा ओठ मिशीखाली होता. तू एकदा म्हणालीस, दोनदा म्हणालीस. बाबा म्हणाले, ‘‘अगं, कॉलेजपासूनची आहे. मिशी काढली तर कारखान्यात माझ्या शॉपमधले कामगार मला फोरमन म्हणून विचारतील का?’’ मी ते तुला लिहून दाखवलं. नंतरच्या एका रविवारी तू मोडेमवर हात ठेवून बसली असताना बाबा न्हाणीतून आले आणि तुझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. वरच्या ओठाची कातडी पांढुरकी, लहान मुलासारखी. आवाज न काढता ते काहीतरी म्हणाले. मी बाजूला होते, मला कळलं नाही. तुला कळलं. तू पदराने तोंड झाकलंस आणि मग मान हलवलीस. ते काय म्हणाले हे मी आजवर दोघांनाही विचारलेलं नाही. मिशी त्यांनी पुन्हा ठेवली नाही.

त्याच तोंडाचे फोटो तू पानावर लावलेस. शेजारच्यांचा कॅमेरा, गोविंदपुऱ्यातल्या सायबर कॅफेतला स्कॅनर, आणि बाबा प्रत्येक अक्षरासाठी शिस्तीत तोंड धरून बसलेले. फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी साइटवर तू ते पान चढवलंस. आधी कुणी आलं नाही. भेट देणाऱ्यांचा आकडा वाढला की तू खूश व्हायचीस आणि मग कळायचं, मीच सायबर कॅफेतून उघडून बघितलं होतं. पुढे मात्र लोक लिहायला लागले, जळगावहून, हुबळीहून. करोंद मंडीतले एक धान्याचे दलाल तर सुनेला घेऊन क्वार्टरवरच आले. सून माहेरची मराठी, तिने पान वाचलं होतं. ते म्हणाले, ‘‘मैडम, बोली ही सुनाई नहीं देती, अब क्या दुकान बंद कर दूँ?’’ दुसऱ्या दिवशी तू बाबांच्या स्कूटरवर बसून मंडीत गेलीस, लिलाव बघत उभी राहिलीस आणि परत येऊन म्हणालीस, ‘‘सात आणि साठ ओठांवर एकच दिसतात. बोटं दाखवायला सांगते त्यांना.’’ त्यांच्यासाठी तू हिंदी पान केलंस. त्यांनी दुकान बंद केलं नाही.

तू गेल्यावर काही वर्षांनी ती फुकट साइटच बंद पडली. मला पत्तासुद्धा लागला नाही. पानाची गरज पडली तेव्हा कळलं. होय आई, गरज मला पडली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोक हसायचे आणि मी उशिरा हसायचे, तेव्हाच ओळखायला हवं होतं. कानांच्या तपासणीचा आलेख तुझ्या आलेखासारखाच उजवीकडे घसरलेला आहे. डॉक्टर मुलगी मास्क लावून समजावत होती. मी म्हटलं, ‘‘मास्क नीचे कीजिए, मुझे आपके होंठ देखने हैं।’’ ती चमकली. पण तिने मास्क खाली केला आणि मला तिचं जवळजवळ सगळं कळलं. आरशासमोर बसवून तू मला किती शिकवून ठेवलं होतंस, हे मला तिच्या त्या खुर्चीत बसून कळलं.

आता मी पान पुन्हा उभं करते आहे. त्या चिन्हांतून तुझी मराठी एकेक अक्षर ओळखून नव्याने टाइप करते. कंस म्हणजे काना, असं जमतंय. फोटोंसाठी बाबांना विचारलं. आता ते बाग सेवनिया भागात माझ्या घरीच असतात. म्हणाले, ‘‘कवळी घालून बसू की काढून?’’ आम्ही दोन्ही प्रकारे काढले, कारण म्हाताऱ्या माणसांची तोंडं वाचायची वेळ खूप जणांवर येते. या वेळी नुसते फोटो नाहीत, व्हिडिओही आहेत. मराठी भाग झाला की हिंदी करीन. थांबणार नाही. पानाच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवीन, म्हणजे कुणी आपली साइट बंद केली तरी आपलं पान मिटायला नको.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, मला ठाऊक आहे. फक्त एवढं सांगायचं होतं, की सोमवारी मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगणार आहे, मला कमी ऐकू येतं, माझ्याकडे तोंड करून बोला. वाक्य पाठ आहे. गेल्या सोमवारीही ते पाठ होतं.